दहा टक्के कशावर काढायचे, आणि दिल्यावर हिशोब मागायचा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, चार प्रश्न आहेत. तुम्ही खाजगी दवाखान्यात नर्स, हातात २८,००० येतात. मिस्टर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे तास झाले तर पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही. घराचा हप्ता ११,०००. त्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकावर संदेश दिला की दशमांश न देणारा देवाला लुटतो आणि शापाखाली येतो. तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता: दशमांश पगाराच्या पूर्ण आकड्यावर की हातात येतो त्यावर? हप्ता वजा करायचा का? वारलेल्या भावाच्या मुलीची फी भरतो, ती यात धरायची का? आणि मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, हिशोब मागावासा वाटतो तर सासूबाई म्हणतात, देवाला दिलं, आता त्याचा हिशोब कसला.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे माझेच हात पोळलेले आहेत.

नोकरी बँकेत झाली, बहुतेक वर्षं कॅशमध्ये. मंडळीचा खजिनदार म्हणून १९ वर्षं काढली. एका मे महिन्यातल्या रविवारी माझ्यासोबत दान मोजायला बसणारे गृहस्थ लग्नाला निघून गेले. उन्हाचा तडाखा होता, वेस्ट्रीतला, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीतला, पंखाही बंद. मी एकट्याने भरभर मोजलं, चिठ्ठीवर आकडा लिहिला, थैली स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि घरी आलो. सोमवारी बँकेत मोजणी झाली तर माझ्याच आकड्यापेक्षा २,००० कमी. माझी मोजणी चुकली होती, नोटा पडल्या होत्या की आणखी काही झालं होतं, आजतागायत कळलेलं नाही. मी खिशातले २,००० घातले आणि कोणाला काही बोललो नाही. वाटलं, चला, मंडळीचं नुकसान तर झालं नाही.

दोन महिन्यांनी वार्षिक सभा. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून आयुष्य घालवलेली एक म्हातारी बाई मागच्या बाकावरून उठली. ती दर रविवारी न चुकता ५० रुपये टाकायची. म्हणाली, "एक इचारू का जी? रविवारी रात्री थैली कोनाच्या घरी झोपते?" सभा हसली. मी नाही हसलो. तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. काहींनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि खरं सांगतो, ते ऐकवत नव्हतं. माझ्या एकट्याच्या प्रामाणिकपणावर मंडळीचा पैसा टांगलेला होता, हीच तर चूक होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे मोजायला दोन जण, तेही एकमेकांचे नातेवाईक नसलेले. कोणत्या नोटा किती, हे चिठ्ठीवर, खाली दोघांच्या सह्या. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी आकडा मोठ्याने वाचायचा. पैसे सोमवारी बँकेत. खर्च कितीही किरकोळ असो, थैलीतून परस्पर नाही, आधी जमा आणि मग व्हाउचर. पुढच्या वर्षी वर्गणी वाढली. ती हिशोबामुळेच वाढली असं छातीठोकपणे नाही सांगत, त्याच सुमारास सातवा वेतन आयोगही लागला होता.

आता सासूबाईंना सांगा की हिशोबाचा आग्रह प्रेषित पौलाचाच आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. करिंथकरांना तो पहिल्या पत्रात लिहितो की तुम्ही पसंत कराल त्या माणसांना पत्रं देऊन पाठवीन. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून ही काळजी, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, माणसांच्याही दृष्टीने. पौलाला जर आपल्यावर बोट उठेल याची काळजी वाटत होती, तर आमच्यासारख्या खजिनदारांना ती वाटायलाच हवी. पवित्र शास्त्रात आपल्याला कारभारी म्हटलंय, मालक नाही, आणि कारभारी म्हटला की वही आली.

मलाखीकडे येऊ. तिसरा अध्याय सगळ्यांना पाठ असतो: सगळा दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. पण पुस्तक तिसऱ्या अध्यायापासून सुरू होत नाही. पहिल्या अध्यायात देव याजकांना फटकारतो की तुम्ही वेदीवर आंधळी, लंगडी, रोगट जनावरं आणता. तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, घेतो का तो. दुसरा अध्यायही याजकांवरच सुरू होतो. लोकांना "तुम्ही मला लुटता" हे ऐकू येतं ते त्यानंतर. व्यासपीठावरून तिसरा अध्याय वाचणाऱ्याने पहिले दोन स्वतःसाठी वाचून यावं, असं माझं मत आहे. दोन पाळकांना ते मी तोंडावर सांगितलं. एक रागावले, दुसऱ्यांनी पुढच्या महिन्यात पहिल्या अध्यायावर संदेश दिला.

त्याच काळाच्या आसपासचं नहेम्याचं पुस्तक घ्या, तेरावा अध्याय. लेव्यांना, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशाला, त्यांचा वाटा मिळेना, म्हणून लेवी आणि गाणारे आपापल्या शेताकडे पळाले. पाळकाचं मानधन तीन महिने थकलं की तो ट्यूशन शोधू लागतो, त्यातलंच हे. या दशमांशासाठी नहेम्याने शाप उच्चारले नाहीत. अधिकाऱ्यांना जाब विचारला, लेव्यांना परत बोलावलं, आणि भांडारावर माणसं नेमली: एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या मदतीला चौथा. ती विश्वासू समजली जात होती म्हणून. म्हणजे दशमांश परत सुरू झाला आणि पाठोपाठ चौघांची कमिटी बसली. शापाची भीती दाखवून दोन महिने थैली भरते, तिसऱ्या महिन्यात माणसं मागच्या दाराने उपासना सोडून जातात. हे मी आकड्यांत पाहिलेलं आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पूर्ण पगारावर की हातातल्यावर. जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्राला हा प्रश्न पडलेलाच नाही. तिथला दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा, आणि काठीखालून जाणाऱ्या प्रत्येक दहाव्या जनावराचा. मजुरीच्या पैशाचा उल्लेख नाही. शिवाय तो एकच नव्हता. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला दशमांश लेव्यांचा, आणि लेव्यांनी त्यातला दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातला घरच्यांसह देवासमोर बसून खायचा, म्हणजे जवळजवळ सणाचा खर्च. दर तिसऱ्या वर्षीचा गावच्या वेशीत ठेवून लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर जेवू घालायचा. या सगळ्यातून "पगाराचे दहा टक्के, मंडळीत, प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेच्या आत" असा थेट नियम निघत नाही. नव्या करारात तर टक्केवारीची आज्ञाच नाही. पौल सांगतो ते दोनच: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याच्या त्याच्या उत्पन्नाप्रमाणे बाजूला काढून ठेवा, आणि मनात ठरवलं असेल तसं द्या, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नको.

मग दहाचा आकडा फेकून द्यायचा का? मी नाही फेकला. माणसाला मोजायला काहीतरी लागतं, नाहीतर "यथाशक्ती" म्हणता म्हणता शक्ती १० रुपयांच्या नोटेवर येऊन थांबते. दहा हे सुरुवातीचं माप समजा. काहींना ते जड जातं, काहींना लाजिरवाणं कमी असतं, विशेषतः सिव्हिल लाइन्समध्ये दोन बंगले असलेल्यांना.

तुमच्या पगारपत्रकावर पीएफ, व्यवसाय कर वगैरे कापून २८,००० हातात येतात, तर त्यावर काढा. व्यवसाय कर तुमच्या हाती आलाच नाही. पीएफ तुमचाच आहे, पण तो येईल तेव्हा त्यातून द्या, आज कशाला दोनदा मोजायचा. घराचा हप्ता मात्र वजा करू नका. ते घर तुम्ही राहायला घेतलंय, तो तुमचा खर्च आहे. उद्या गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता वजा करत गेलात तर दशमांश काढायला उरेल तो फक्त रिचार्ज. एक अपवाद मी मानतो. नातेवाइकाकडून किंवा सावकाराकडून घेतलेलं चढ्या व्याजाचं कर्ज असेल, क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर आधी ते उतरवा आणि तोवर दान कमी ठेवा. दुष्ट उसनं घेतो आणि फेडत नाही, हे स्तोत्रसंहितेत आहे. दुसऱ्याचे पैसे थकवून थैलीत नोट टाकणं देवाला आवडेल, असं मला वाटत नाही.

मिस्टरांच्या उत्पन्नासाठी तर टक्केवारीच बरी. ठरावीक रक्कम कबूल केली की जूनमध्ये माणूस गुन्हेगारासारखा उपासनेला येतो, किंवा येतच नाही. आले तर दहावा भाग, नाही आले तर काही नाही. शून्याचा दहावा भाग शून्यच, त्यात शाप कुठून आला?

भाचीची फी. इथे मार्क सातवा अध्याय उघडा. येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कट्टर धर्मपुढाऱ्यांना, कुर्बानवरून, म्हणजे देवाला वाहिलेल्या अर्पणावरून, झापलं: आईबापाला द्यायचं ते "देवाला वाहिलंय" म्हणून हात वर करता. म्हणजे घरच्यांचं कर्तव्य दानाच्या नावाखाली टाळायचं नाही. सासूबाईंचं औषध, आईचा मोतीबिंदू, हे दशमांशात घालू नका, ते कर्तव्यच आहे. पण बाप नसलेल्या मुलीची फी ही तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाच्या अगदी जवळची गोष्ट आहे, ती खुशाल धरा. फक्त सगळा दशमांश तिकडे जाऊ देऊ नका. माझा अंदाज विचाराल तर दहातले सहा-सात मंडळीला, बाकी माणसांना. कारण मंडळीला कोणी दुसरं देत नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्या नागपुरात जरा जास्त लागू आहे. १८४५ साली स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले, आज त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. त्यानंतरची कितीतरी दशकं शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार बाहेरून आलेल्या पैशावर चालले. आमच्या आजोबांच्या पिढीला मिशनचा पगार हा शब्द सरकारी पगारासारखाच पक्का वाटायचा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक इथे नागपुरात राहून गेलेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, तेव्हा किती जणांना ते वेडेपण वाटलं असेल याची कल्पना करा. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही याच शहरात. लहानपणी वडील सांगायचे, आता मंडळी आपली, खर्चही आपला. पण सवय जायला कागद पुरत नाही. आजही छत गळलं की पहिला सूर निघतो, बाहेरून काही मिळेल का. बाहेरून आणायला आता परदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी लागते, आणि तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. छोट्या मंडळीने तो विषय सोडूनच द्यावा.

खर्च कसला असतो ते ऐका. पाळकांचं मानधन, डायोसिसला, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्राला, पाठवायचा हिस्सा, लाइट बिल, साफसफाई करणाऱ्या बाईचा पगार. मार्च संपता संपता सहा कूलर खाली उतरवायचे, गवत बदलायचं, पंप बघायचे. एप्रिल-मेचं बिल हिवाळ्याच्या तिप्पट. नागपूरच्या उन्हात कूलरशिवाय उपासना ठेवली तर पाळकही संदेश दहा मिनिटांत आवरतील (काहींना ते चालेलही). यातलं काहीच आकर्षक नाही. कूलरच्या पंपासाठी कोणी स्मृतिफलक लावत नाही. म्हणून तुमच्या दर महिन्याच्या पाकिटाला किंमत आहे. नव्या झुंबरासाठी एकरकमी ५०,००० देणारे भेटतात, पंपासाठी नाही.

दुसरा आमचा गोड त्रास म्हणजे हंगामाचा उपकारस्तुती सण. कोणी काटोलच्या मळ्यातली संत्री आणतं, कोणी तूर, कोणी घरचं कोहळं, कोणी केक. उपासनेनंतर लिलाव. १०० रुपयांचं कोहळं ८०० ला जातं, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मग मी वही घेऊन उधारी वसूल करत फिरतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आधीच्या हंगामाचं कोहळं येणं असतं. म्हणून आम्ही आता पैसे जागेवर किंवा क्यूआर कोडवर घेतो. तो कोड लॉकडाउनमध्ये आला. २०२० च्या मार्चनंतर उपासनाच बंद, थैली कशी फिरवणार? ज्येष्ठ मंडळी तेव्हा म्हणाली, मोबाइलवरून अर्पण म्हणजे वेदीजवळ हात रिकामे. मलाही थोडं तसंच वाटतं. पण कोडवर आलेल्या पैशाची नोंद आपोआप राहते, आणि ती थैली रात्री कोणाच्याच घरी झोपत नाही.

टीव्हीवर "१,००० रुपयांचं बी पेरा, शंभरपट पीक घ्या" म्हणणाऱ्यांना पाठवू नका. एवढंच.

पावतीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मार्चमध्ये दहा जण विचारतात. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती आयकराची सवलत विशिष्ट धर्मसमाजाच्या उपासनेसाठी असलेल्या ट्रस्टला सहसा मिळत नाही. मिशन दवाखान्याच्या किंवा शाळेच्या धर्मादाय ट्रस्टकडे प्रमाणपत्र असेल तर तिथे मिळू शकते, तेही २,००० पेक्षा जास्त रक्कम रोख दिली नाही तर, आणि तुम्ही जुन्या कर पद्धतीत असाल तरच. उलट, थैलीतल्या निनावी दानावर निव्वळ धार्मिक ट्रस्टला वेगळा कर पडत नाही, त्यामुळे गुप्तदान बिनधास्त टाका. पावती मात्र मागा, कर वाचो न वाचो.

हिशोब मागायचा कसा? भांडण काढून नको. वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरींना चार ओळी लिहा की ऑडिट झालेला ताळेबंद सभेत वाटावा. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली, म्हणजे १९५० च्या, नोंदलेल्या ट्रस्टला ऑडिट करून घ्यावंच लागतं, तुम्ही काही उपकार मागत नाही. आकड्यांइतकंच जमिनीकडेही बघा. सदर, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या कंपाउंडांचे भाव आज कुठे गेलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायलाही. सभेत कोणी घाईघाईने "जागेचा विषय कमिटीवर सोपवू" म्हणालं तर हात वर करून परवानगीचं विचारा. आपण महिन्याला २,८०० चा दशमांश जोखत बसतो आणि कोट्यवधींची जागा एका ठरावात हातची जाते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी आयुष्यभर विश्वासाने टाकलंय, त्याचा मान ठेवा. त्यांना फक्त त्या आयाबाईचा प्रश्न सांगा.

आणि मिस्टरांसाठी एक गोष्ट. आमच्याकडे वर्गणीची पाकिटं नंबरची असतात. त्यांच्यासारखाच तासिकेवरचा एक मास्तर आहे. मे आणि जूनमध्ये त्याचं पाकीट येतं, चिकटवलेलं, आत काही नसतं. पहिल्यांदा माझ्या सोबत्याला वाटलं, चुकून राहिलं असेल, नंतर विचारू. मी म्हटलं, विचारायचं नाही. रजिस्टरमध्ये त्याच्या नंबरासमोर ० लिहितो, दोघं सह्या करतो आणि पुढचं पाकीट फोडतो.